सोनटक्का

सोनटक्का (हेडिकियम कोरोनेरियम, कुल – झिंजिबरेसी) : आले, हळद व वेलदोडा यांच्या कुलातील पांढऱ्या, सुवासिक फुलांची बहुवर्षायू ओषधी. मूळची पूर्व हिमालय ते दक्षिण चीन या पट्ट्यातली. महाराष्ट्रात व गोव्यात परसात, विहिरीच्या पाटाकडेला लावतात. जमिनीत आडव्या वाढणाऱ्या मांसल गड्ड्यांतून १ ते २ मी. उंचीचे दांडे निघतात. पाने भाल्यासारखी, दोन रांगांत. दांड्याच्या टोकाला हिरव्या छदांचे दाट कणिश येते व त्यातून थोडी थोडी फुले बाहेर पडतात. फुलाचा पसरट, दुभंगलेला मोठा भाग पाकळी वाटला, तरी तो वंध्य केसरांपासून बनलेला असतो; खऱ्या पाकळ्या अरुंद आणि मागे वळलेल्या. कळ्या संध्याकाळी उमलतात. रात्री वास वाढतो आणि लांब सोंडेचे पतंग येतात. दुपारी खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्यास तिन्हीसांजेला गजऱ्यासाठी फुलतात.

‘सावलीचे झाड’ ही त्याची ख्याती अर्धीच खरी आहे. दाट आंब्याखाली सोनटक्का नुसताच पानांनी माजतो, फूल देत नाही. भर उन्हात पानांची टोके करपतात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी, शक्यतो घराच्या पूर्वेची जागा निवडावी. माती कसदार व सतत ओलसर हवी, म्हणूनच तो मोरीच्या पाण्यावर खूश असतो. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी तुटले की पाने पिवळी पडतात.

पावसाळ्यापूर्वी डोळे असलेले गड्ड्यांचे तुकडे शेणखत घातलेल्या मातीत उथळ, हात-दीड हाताच्या अंतराने लावावेत. बहर पावसाळ्यात सुरू होऊन शरदापर्यंत चालतो. एक दांडा एकदाच फुलतो. कणिश सुकले की तो बुडापासून कापावा. हे न केल्याने जुन्या दांड्यांची अडगळ साचते, फुले कमी येतात आणि दोष खताला दिला जातो. तीन-चार वर्षांनी गड्डे एकमेकांवर चढतात, तेव्हा बेट उकरून विभागावे.

क्यूबाने याच आशियाई फुलाला राष्ट्रीय फूल केले आहे. ब्राझील व हवाईत मात्र ते ओढ्याकाठी माजलेले तण ठरले. पाण्याबरोबर वाहिलेला गड्ड्याचा तुकडाही रुजतो. त्यामुळे विभागणीतून उरलेले गड्डे ओढ्यात टाकू नयेत.