मांजू

गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या पातळ पारीत गोड पुरण भरून वाफवलेले जपानी पक्वान्न. पुरण बहुधा अझुकी या बारीक तांबड्या कडधान्याचे असते. अझुकी मूग, उडीद, मटकी व चवळी यांच्याच प्रजातीतील आहे.

इतिहास : चीनमधील मांतोउ या वाफवलेल्या पावापासून मांजू आला, हे सामान्यतः मान्य आहे. जपानात तो कोणी आणला याविषयी दोन परंपरा आहेत. एकीनुसार एन्नी या झेन भिक्षूने १२४१ मध्ये हाकाता येथील एका चहा विकणाऱ्याला तो शिकवला. दुसरीनुसार १३४९ मध्ये चीनहून आलेल्या रिन जोइनने नारा येथे मांस वर्ज्य असलेल्या भिक्षूंसाठी कडधान्याचे सारण योजले. नारा येथील कांगो देवस्थानात रिन जोइनचे मंदिर असून तेथे १९ एप्रिलला मांजूचा उत्सव होतो. तोक्योतील शिओसे हे दुकान आपली परंपरा त्याच्यापर्यंत नेते. पहिल्या परंपरेशी आंबवलेल्या पिठाचा मांजू जोडला जातो, दुसरीशी न आंबवलेल्या पिठाचा. ही विभागणी ऐतिहासिकदृष्ट्या कितपत टिकेल ते असो. पीठ कशाने फुगते यावरूनच मांजूचे प्रकार पाडणे सोयीचे आहे.

प्रकार : (१) साके-मांजू. शिजवलेला भात, कोजी ही बुरशी चढवलेला तांदूळ व पाणी एकत्र ठेवून आंबवतात आणि गाळलेल्या पाण्यात पीठ भिजवतात. यामानाशी प्रांतातील उएनोहारा त्यासाठी प्रसिद्ध आहे. (२) जोयो-मांजू. चिकट कंद किसून, फेटून त्यात साखर व तांदळाचे पीठ मिसळतात. फेटताना अडकलेली हवाच पारी फुगवते, सोडा लागत नाही. चहाविधीत याला मान आहे. (३) सोड्याचा मांजू. घरी मुख्यतः हाच होतो. गरम झऱ्यांच्या गावी मिळणारा तपकिरी ओन्सेन-मांजू याच जातीचा. गुन्मा प्रांतातील इकाहो हे त्याचे उगमस्थान सांगतात. हिरोशिमाकडचा मोमिजी-मांजू भाजतात, म्हणून तो येथे घेतलेला नाही.

पुरण : अझुकी उकळून पहिले पाणी फेकतात, म्हणजे तुरटपणा जातो. मग दाणे बोटाने सहज चिरडतील इतके शिजवून चाळणीतून घासतात. पुरणयंत्रातून साल पुष्कळ उतरते, म्हणून चाळणीच बरी. खाली बसलेला गाळ दोन-तीनदा पाणी बदलून धुतात, फडक्यात पिळतात आणि साखर व चिमूटभर मीठ घालून आटवतात. उलथन्यावर उचलले की ढेकूळ उभे राहिले पाहिजे. सैल पुरणाने पारी फाटते. सालीसकट ठेवलेल्या पुरणाचाही मांजू होतो.

पारी : सुमारे बारा नगांसाठी कमी चिकाचे गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, ओकिनावाची काळी साखर ६० ते ७० ग्रॅम, पाणी २५ ते ३० मिली., खाण्याचा सोडा २ ग्रॅम आणि पुरण ३०० ग्रॅम. साखर पाण्यात विरघळवून पूर्ण थंड करावी; गरम पाकात पीठ अर्धवट शिजते. सोडा चमचाभर पाण्यात कालवूनच घालावा, नाहीतर पारीवर पिवळे ठिपके उठतात. तापल्यावर सोड्यातून कर्बवायू निघतो व मागे उरलेला क्षार पिठातील रंगद्रव्ये पिवळी करतो. काळ्या साखरेच्या मांजूत हा रंग खपून जातो. पांढऱ्यासाठी बेकिंग पावडर वापरतात. काळी साखर नसल्यास गूळ चालतो, मात्र पाणी कमी करावे. पीठ मळू नये. उलथन्याने दुमडत एकजीव करून अर्धा तास झाकून ठेवावे.

भरणे व वाफवणे : हाताला सुके पीठ लावून १५ ग्रॅम गोळीची चकती करतात. कडा पातळ व मध्य जाड ठेवून २५ ग्रॅम पुरणाभोवती ती वर ओढत मिटवतात. मोदकाप्रमाणे कळ्या पाडत नाहीत. जोड खाली जातो. प्रत्येकाखाली कागदाचा चौकोन ठेवून वरून पाण्याचा फवारा मारतात, म्हणजे सुके पीठ डागासारखे दिसत नाही. झाकणाला फडके बांधून मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटे वाफवतात. फार प्रखर वाफेने माथा फुटतो. बाहेर काढताच पंख्याने वारा घालतात; त्याने पारीला चकाकी येते.

प्रसंग : मंगलकार्यात तांबडा-पांढरा जोड वाटतात, अंत्यविधीतही मांजू देण्याची रीत होती.

लोककथन : ‘मांजू कोवाई’ या राकुगो-कथेत एकजण मांजूची भीती वाटते असे सांगून मित्रांकडून ढीगभर मांजू मिळवतो व शेवटी कडक चहाची भीती वाटू लागल्याचे सांगतो.

टिकाऊपणा : दुसऱ्या दिवशी पारी कडक होते, पुन्हा वाफवावे.