हा कर काढू नका म्हणणारी व्यापारी संघटना

एप्रिल-मे आला की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एक ठरलेला संवाद होतो. शाळेतून आलेलं पोर म्हणतं, "बाबा, सगळे फिशिंगला जातात, आपण कधी जायचं?" मग आपण शनिवारी दुकानात जातो, एक रॉड, एक रील, थोडे गळ आणि रंगीत प्लास्टिकचे नकली मासे घेतो. पावतीवर राज्याचा विक्रीकर दिसतो, तो भरतो आणि बाहेर पडतो. त्या पावतीवर न दिसणारा आणखी एक कर आपण भरलेला असतो. आजची गोष्ट त्या कराची आहे, आणि तो टिकावा म्हणून धडपडणाऱ्या व्यापाऱ्यांची.

व्यापारी आणि कर टिकावा म्हणून धडपड? तुम्ही हसाल. आपल्याला व्यापारी संघटना म्हटलं की 'बंद' आठवतो. २०१३ साली महाराष्ट्रात एलबीटीविरुद्ध दुकानं कशी बंद होती, हे तेव्हा सुट्टीत तिकडे गेलेल्यांना आठवत असेल. एलबीटीचा जाच खराच होता, त्याबद्दल माझा वाद नाही. पण संघटनेचं काम म्हणजे कर हाणून पाडणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतल्या हौशी मासेमारीच्या धंद्याची गोष्ट म्हणूनच मला वेगळी वाटते.

सुरुवात १९३३ची, महामंदीच्या ऐन मध्यावरची. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारच्या नव्या कायद्याने उद्योगांना आपापले गट करून व्यवहाराचे नियम ठरवायला सांगितलं होतं. त्याच वर्षी रॉड, रील आणि गळ बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना उभी राहिली. पुढे ती अमेरिकन फिशिंग टॅकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. इतर उद्योगांत होती तशीच ही एक संघटना होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारला पैसा हवा होता. खेळाच्या सामानावर १० टक्के उत्पादन शुल्क बसलं, त्यात मासेमारीचं साहित्यही आलं. युद्ध संपलं, सैनिक घरी परतले, हातात थोडा पैसा आणि मोकळे शनिवार-रविवार आले, आणि नदी-तळ्यांवर गर्दी वाढली. पण पाण्यात मासे कुठे होते? धरणं बांधली गेली होती, कारखान्यांचं सांडपाणी नद्यांत जात होतं, आणि राज्यांच्या मत्स्य खात्यांकडे तुटपुंजा पैसा होता. इथे या धंद्याला एक गोष्ट कळली, जी कुठल्याही दुकानदाराला कळायला हवी आणि सहसा उशिरा कळते: गिऱ्हाईक रॉड विकत घेतं ते मासा लागेल या आशेवर. पाणीच मेलं तर रॉडला कोण विचारणार?

१९४९ मध्ये उद्योगाच्या पैशावर स्पोर्ट फिशिंग इन्स्टिट्यूट नावाची वेगळी संस्था निघाली. तिचं काम मासे, पाणी आणि त्यांचं व्यवस्थापन यांचा अभ्यास आणि प्रसार. पुढच्याच वर्षी मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल (थोरले) आणि कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांच्या नावाचा कायदा झाला. ऑगस्ट १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा १९३७ पासून होताच. डिंगेल-जॉन्सन कायद्याने तेच मासेमारीला लावलं. रॉड, रील, नकली आमिष यांवरचा १० टक्के कर तसाच राहील, पण पैसा वॉशिंग्टनच्या तिजोरीत न मुरता राज्यांच्या मत्स्य खात्यांना जाईल.

या कायद्याच्या बारीक अक्षरांत खरी हुशारी आहे, म्हणून जरा थांबतो. पैसा वाटताना ४० टक्के भार राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळाला आणि ६० टक्के भार पैसे भरून परवाना घेतलेल्या मासेमारांच्या संख्येला. कुठल्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि न्यू जर्सीसारख्या चिमुकल्या राज्यालाही १ टक्क्याहून कमी नाही. राज्याने आधी काम करायचं, मग खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळायची. उरलेलं राज्याने घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: मासेमारीच्या परवान्यातून येणारा पैसा राज्याने मत्स्य खात्याच्या कामाबाहेर वळवला, तर केंद्राचा पैसा धोक्यात. म्हणजे एखाद्या गव्हर्नरला रस्त्याचे खड्डे बुजवायला तो वापरावासा वाटला, तर आधी दोनदा विचार करावा लागतो. आपल्याकडे 'उपकर' म्हणून गोळा झालेल्या पैशाचं पुढे काय होतं याचा अनुभव असलेल्या माणसाला या एका अटीची किंमत लगेच कळेल.

पण खरी परीक्षा आली १९६५ मध्ये. काँग्रेसने युद्धकाळापासून चालत आलेल्या कितीतरी उत्पादन शुल्कांना एकदम कात्री लावली. खेळाच्या सामानावरचा करही गेला. गोल्फच्या काठ्या सुटल्या, टेनिसच्या रॅकेट सुटल्या. मासेमारीच्या साहित्यावरचा १० टक्के कर मात्र राहिला. "आम्हालाही सोडा" म्हणायची इतकी आयती संधी या धंद्याला पुन्हा मिळणार नव्हती. पण तोपर्यंत त्यांना आपला पैसा कुठे जातो हे पंधरा वर्षं डोळ्यांनी दिसत होतं: मत्स्यबीज केंद्रं, तळ्यांचे सर्वेक्षण, बोट पाण्यात उतरवायच्या उतरंडी.

याला निव्वळ समाजसेवा म्हणायला मी तयार नाही. एमबीएला आम्हाला 'फुकट्यांचा प्रश्न' शिकवायचे. तुमच्या महाराष्ट्र मंडळात तो दरवर्षी दिसतो: वर्गणी साठ घरं भरतात आणि गणपतीच्या जेवणाला दोनशे पानं उठतात. तळं स्वच्छ ठेवायचा खर्च एका कंपनीने उचलला तर फायदा तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही होतो, म्हणून कोणीच उचलत नाही. कर हा त्यावरचा उपाय आहे, कारण तो सगळ्यांना सारखा लागतो. शिवाय तो कारखानदाराच्या किंवा आयातदाराच्या पहिल्या विक्रीवर लागतो, त्यामुळे परदेशात बनलेल्या रॉडलाही सुटका नाही. शेवटी तो तुमच्या-माझ्या खिशातूनच जातो. म्हणजे वर्गणी आपलीच, पण पेटी सगळ्यांच्या दारावरून फिरते.

१९८४ मध्ये वायोमिंगचे सिनेटर माल्कम वॉलॉप आणि लुइझियानाचे जॉन ब्रो यांच्या दुरुस्तीने कराची व्याप्ती वाढली. आधी सुटलेलं मासेमारीचं बरंच साहित्य करात आलं, मासे शोधणारी सोनार यंत्रं आणि विजेवरच्या छोट्या मोटरींवर ३ टक्के लागले, आणि मोटरबोटीत जळणाऱ्या इंधनावरच्या कराचा वाटाही या निधीत येऊ लागला. निधी तिपटीच्या आसपास गेला. बोटवाल्यांचा पैसा आला म्हणून बोटींच्या धक्क्यांसाठी ठरावीक हिस्सा राखला गेला, आणि मुलांना पाणी-मासे शिकवण्यासाठीही खर्च करता येऊ लागला. तुमच्या काउंटी पार्कमध्ये मुलांना फुकट रॉड हातात देऊन शिकवणारा शनिवारचा वर्ग भरत असेल, तर त्यामागे हा पैसा असण्याची बरीच शक्यता आहे.

१९९४ मध्ये कारखानदारांची संघटना आणि स्पोर्ट फिशिंग इन्स्टिट्यूट एकत्र आल्या. त्यातून आजची अमेरिकन स्पोर्टफिशिंग असोसिएशन झाली. एकीकडे पैसा आणि प्रदर्शन होतं, दुसरीकडे शास्त्र. त्यांचं वार्षिक प्रदर्शन, आयकास्ट, पूर्वी बरेचदा लास वेगासला व्हायचं, आता गेली अनेक वर्षं जुलैत ऑर्लँडोला होतं. तिथे तुम्हा-आम्हाला प्रवेश नाही. ते दुकानदार, कारखानदार आणि पत्रकारांसाठी. त्या प्रदर्शनाच्या कमाईवर संघटनेचं वॉशिंग्टनमधलं काम चालतं. माइक नसमन यांनी अनेक वर्षं ही संघटना चालवली, २०१८ मध्ये ग्लेन ह्यूज आले. अशा पदावरच्या माणसाचं काम अवघड असतं. त्याचे सभासद एकमेकांचे कट्टर स्पर्धक असतात, वर्षभर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतात, आणि त्यांना "चला, एकत्र कर भरू या" हे दरवर्षी नव्याने पटवावं लागतं.

नेहमी ते दूरदृष्टीनेच वागले असंही नाही. १९९४ मध्येच पर्यावरण संरक्षण संस्थेने शिशाच्या छोट्या वजनांवर बंदीचा प्रस्ताव आणला. लून नावाचे पाणपक्षी ती वजनं गिळून विषबाधेने मरतात, हे तोवर स्पष्ट झालं होतं. उद्योगाने विरोध केला, प्रस्ताव बारगळला, आणि शेवटी न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांना स्वतःचे कायदे करावे लागले. पाणी वाचवायला कर भरणारा हा धंदा स्वतःच्या मालात बदल करायची वेळ आली तेव्हा मागे सरला. मला हे पटत नाही, आणि त्यांचे चाहते ही गोष्ट सांगत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो.

कराचं गणितही हळूहळू सैल झालं. २००४च्या कायद्याने सोनार यंत्रांवरचा कर गेला, सामानाच्या पेट्यांवरचा ३ टक्क्यांवर आला, आणि २००५च्या कायद्याने रॉडवरच्या कराला १० डॉलरची कमाल मर्यादा लागली. म्हणजे कारखान्याच्या दारात ६० डॉलरला विकलेल्या साध्या रॉडवर ६ डॉलर, आणि ४०० डॉलरच्या भारी रॉडवर १० डॉलर. हौस जितकी महाग, तितका टक्का कमी.

आता नवी अडचण माझ्या धंद्याच्या बाजूची, संगणकाची आहे. तुम्ही रात्री अकरा वाजता फोनवरून ९ डॉलरची रील मागवता आणि ती परदेशातल्या विक्रेत्याकडून थेट तुमच्या दारात येते. कायद्याच्या भाषेत इथे आयातदार कोण? बरेचदा तुम्हीच. आणि तुम्ही काही शुल्काचा फॉर्म भरत नाही. वर्गणीची पेटी त्या दारावरून फिरतच नाही. इथल्या कारखानदाराला कर लागतो, बाहेरच्याला लागत नाही, आणि तळ्याच्या वाट्याचे पैसे कमी होतात. म्हणून ही संघटना आता मागणी करते आहे की अशी विक्री घडवून आणणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांकडूनच हा कर वसूल करावा. तसा प्रस्ताव काँग्रेसमध्ये मांडला गेला आहे. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. राज्यांचा विक्रीकर त्याच कंपन्या आज पैशापैशाने गोळा करतात.

२०२२च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे या देशात सोळा वर्षांवरचे सुमारे ४ कोटी लोक मासे पकडायला गेले. त्यात आपली मंडळी आता बरीच दिसतात. मालवण-रत्नागिरीकडच्या घरांत गरी टाकणं हा पोरांचा उद्योगच होता, त्यांना तर हे शिकवावंही लागत नाही. पवईच्या तळ्यावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचे हौशी सभासद कित्येक दशकं गळ टाकत आले आहेत. ती मात्र मासेमारांची संघटना, गळ विकणाऱ्यांची नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. न्यू जर्सीत गोड्या पाण्यात मासे पकडायला सोळाव्या वर्षापासून परवाना लागतो. आई-बाबांनो, पोराच्या हातातला रॉड 'जरा धरलात' तरी तुम्हालाही तो हवा. समुद्रासाठी परवाना नाही, पण फुकट नोंदणी करावी लागते. वर्षात दोन दिवस विनापरवाना मासेमारीचे असतात, त्यातला एक जूनमध्ये. त्या दिवशी तळ्यावर गेलात तर बोटीच्या उतरंडीजवळची पाटी बघा. माशाचं चिन्ह आणि 'स्पोर्ट फिश रिस्टोरेशन' अशी अक्षरं असली, तर पोराला सांगा की तिच्यात त्याच्या रॉडचे थोडे पैसे आहेत. भेटू पुढच्या रविवारी.