जुनी गिटार घेताना

माझा भाचा धाराशिवात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. वर्षभर पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यानं २२ हजार रुपये साठवले आणि एका रविवारी मला म्हणाला, "मामा, तुळजापूरला एक गिटार विकायची आहे. तुम्ही चला ना, तुम्हाला वाद्यातलं कळतं." मला जे काही कळतं ते बेंजोतलं. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचे. पण भाच्याच्या लेखी तारांचं म्हणून जे जे असेल, ते सगळं मामाच्या खात्यातलं! एसटी पकडून निघालो.

विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. जत्रा, गणपती, वरातीनंतरचा कार्यक्रम. पुढे डीजे आले, बोलावणी थांबली. त्यांनी पलंगाखालून पेटी काढली. आत डाळिंबी रंगाची गिटार. अंगावर व्हायोलिनला असतात तशी दोन वाकडी भोकं. अमेरिकन नमुन्यावर कोरियात बनलेली. १९९१ नंतर आयातीवरची बंधनं सैल होत गेली, तेव्हा असली वाद्यं आपल्याकडच्या लहान गावांपर्यंत पोहोचू लागली.

"ही सेमी-हॉलो," भाचा म्हणाला. म्हणजे अर्धी पोकळ. अर्धी कशासाठी, याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

साधी गिटार पोकळ असते, म्हणून तर ती घुमते. पण बँडमधल्या ढोल-कर्ण्यांपुढे तिचा आवाज तो किती! १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकर मंडळींची विजेची गिटार बाजारात आली. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि ती अॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर पडते. याला पिकअप म्हणतात. मग पोकळ गिटारींनाही पिकअप लागले आणि नवीच डोकेदुखी सुरू झाली. आवाज वाढवला की स्पीकरचा नाद पोकळ अंगात शिरायचा, अंग थरथरायचं, तारा पुन्हा हलायच्या आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू व्हायची. लेस पॉल नावाच्या वादकानं १९४०च्या सुमारास यावर एक उपाय केला. चार इंची चौकोनी भरीव ठोकळ्यावर तारा चढवल्या आणि दिसायला गिटार दिसावी म्हणून एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. पुढे १९५८ साली गिब्सन कंपनीनं ३३५ क्रमांकाची गिटार काढली. मधोमध मॅपल लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. घुमाराही राहिला, शिट्टीही आटोक्यात आली.

हे सगळं मला ओळखीचं वाटत होतं, कारण आमचा बेंजोही तसलाच. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावलेलं तंतुवाद्य बनवलं, तैशोगोतो. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. बँडवाल्यांनी त्या पोकळ पेटीत पिकअप बसवला. वडिलांचा बेंजोही कर्ण्यासमोर शिट्टी मारायचा. वरात निघायच्या आधी ते कर्ण्याचं तोंड पलीकडे वळवायला लावायचे. ठोकळा वगैरे काही नाही, एवढंच शास्त्र.

मी गिटार हातात घेतली. डोळा मिटून दांडीवरून नजर लावली, वाकलेली नव्हती. दांडीवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं बोटाला बोचत होती. आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि पट्ट्या बाहेर डोकावतात. ते घासून निघतं. भाच्यानं बटणं फिरवली, एक खरखरलं. तेही साफ होतं, फक्त या जातीच्या गिटारीत आतली वायर त्या वाकड्या भोकातूनच बाहेर ओढावी लागते, म्हणून वेळ जातो. बॅटरीच्या उजेडात आतला ठोकळा पाहिला. सांधा घट्ट होता. मग खुंट्यांच्या मागे हात फिरवला आणि नखाला एक रेघ लागली. दांडी तिथं कधीतरी मोडली होती.

गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. भाचा कानाशी पुटपुटला, "मामा, निम्म्यात मागा."

मला १९७२ आठवला. दुष्काळाचं साल. घरात ज्वारी नव्हती, म्हणून वडिलांनी बेंजो विकायला काढला. घेणारा आला, त्यानं एकेक खोट काढत निम्म्यावर भाव आणला. खोटी खऱ्याच होत्या. पण गरज कोणाला आहे, हे त्याला दिसत होतं आणि तो त्याचेच पैसे कापत होता. वडील एक शब्द बोलले नाहीत.

मी गृहस्थांना विचारलं, "हे कधीचं?"

"जत्रेहून येताना जीपवरून पडली," ते म्हणाले. "सुताराकडून चिकटवून घेतली. सांगणारच होतो." सांगणार होते की नाही, देव जाणे.

मी म्हटलं, सुरात लावा आणि तशीच ठेवा. सहा तारांचा ताण त्या सांध्यावर येतो. सांधा कच्चा असेल तर सूर उतरतो. चहा झाला, गप्पा झाल्या, तास गेला. भाच्यानं तारा छेडल्या. सूर जागच्या जागी होता.

आम्ही तीन हजार कमी करायला सांगितले, कारण मोडलेल्या दांडीची किंमत बाजारात कमीच होते आणि ती पुढे भाच्याला विकताना भोगावी लागणार. गृहस्थांनी मान्य केलं. पैसे मोजून घेतल्यावर त्यांनी गिटार पुन्हा एकदा मागून घेतली, थोडा वेळ वाजवली आणि स्वतःच पुसून पेटीत ठेवली.

निघताना भाच्याला मी एक काम सांगितलं. एका कागदावर त्यानं लिहून घेतलं: ही कुणाची होती, कुठं कुठं वाजली, कधी मोडली, कुणी जोडली. तो कागद पेटीतच ठेवला आहे. वडिलांच्या बेंजोबरोबर असला कागद गेला नव्हता. तो कुणाच्या घरी वाजला, की वाजलाच नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही.