कात्रणातली मार्गारेट

मुहम्मद अली हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९७५ साली निघालेल्या त्याच्या 'द ग्रेटेस्ट' या आत्मचरित्राचे संपादन कुणी केले, हे मात्र आम्हांलाही फार उशिरा कळले. ते टोनी मॉरिसन यांनी केले. १९९३ साली साहित्याचे नोबेल मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती हीच.

मॉरिसन यांचा जन्म १९३१ साली ओहायो राज्यातील लोरेन या गावचा. घटस्फोटानंतर दोन मुलांना एकटीने वाढवत त्यांनी 'रँडम हाऊस' या प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. 'द ब्लूएस्ट आय' ही पहिली कादंबरी १९७० साली आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. कादंबरीकार म्हणून त्यांचे कौतुक खूप झाले. पण त्यांच्या संपादकाच्या टेबलाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही, असे आम्हांला वाटते. १९७४ साली त्यांनी 'द ब्लॅक बुक' काढले. त्यात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती, छायाचित्रे, पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे होती. जो इतिहास दरबारी बखरीत नसतो, तो असाच चिठ्ठ्याचपाट्यांत सापडतो.

त्यातले एक कात्रण मार्गारेट गार्नरचे. जानेवारी १८५६ मध्ये ती केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलाबाळांसह सिनसिनाटीला पळाली. मालकाची माणसे दाराशी आली तेव्हा पोरगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने तिचा गळा चिरला. मग पेच असा पडला की, हिच्यावर खुनाचा खटला चालवायचा, की पळालेली मालमत्ता म्हणून मालकाला परत द्यायची? खटला चालवायचा तर ती माणूस ठरत होती. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने तिला मालकाकडे परत पाठवले. १८५८ साली ती टायफॉइडने गेली, गुलामीतच.

याच कात्रणातून १९८७ साली 'बिलव्हेड' उभी राहिली. नॅशनल बुक ॲवॉर्ड हुकले, तेव्हा जानेवारी १९८८ मध्ये अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखकांनी जाहीर निवेदन काढले. त्याच वर्षी पुलित्झर मिळाले. निवेदनामुळे मिळाले अशी कुजबुजही झाली. ज्यांनी कादंबरी वाचली, त्यांनी ती मनावर घेऊ नये.

गुलामांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला साधा बाकसुद्धा नाही, अशी खंत १९८९ साली मॉरिसन यांनी बोलून दाखवली होती. २००८ साली दक्षिण कॅरोलायनातील सलिव्हन्स बेटावर, जिथे गुलामांची जहाजे लागत, तिथे असा बाक बसवला गेला. त्या तिथे गेल्या आणि त्यावर बसल्या. २०१९ साली त्या वारल्या.