सव्विसाव्या वर्षी पाटी हाती घेतलेली बाई

१/ गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने विचारले, "पंचविशी उलटली. मुलाखतीत तोंड उघडत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. आता हे शिकण्याचे वय राहिले आहे का?" तिला उत्तर देण्याऐवजी मी एका आत्मचरित्राचे नाव सांगितले. आजचा धागा त्या आत्मचरित्रातील बाईंविषयी आहे. नाव पार्वतीबाई आठवले.

२/ आधी एका शब्दाविषयी. संवाद, नेतृत्व, सहकार्य, संयम या गुणांना आज आपण 'सॉफ्ट स्किल्स' म्हणतो. हा शब्दप्रयोग जुना नाही. १९७२ च्या सुमारास अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणविषयक चर्चांमध्ये तो रूढ झाला. यंत्र चालवण्याचे कौशल्य एका बाजूला आणि माणसांशी वागण्याचे दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी होती. शब्द नवा असला तरी गरज फार जुनी आहे.

३/ पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, कोकणातील देवरुखचा, जोशी घराण्यातला. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगा होता. केशवपन झाले. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा स्त्रीचे पुढचे आयुष्य ठरलेले असे: माजघर, स्वयंपाकघर, व्रतवैकल्ये आणि कुणाच्या शुभकार्यात समोर न येणे. अक्षरओळखीची गरज कुणाला वाटतच नव्हती.

४/ पण याच घरातील थोरली बहीण गोदूबाई वेगळ्या वाटेने गेली होती. तीही बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथील पहिल्या विद्यार्थिनींत ती होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. याच पुढे 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, हे आपल्याला ठाऊक आहे.

५/ अशा बहिणीच्या घरी जाऊन शिकायचे, हा निर्णय साधा नव्हता. पार्वतीबाईंनी तो घेतला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून शिक्षण सुरू केले. आजच्या हिशेबाने पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडण्याचे ते वय. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे मात्र स्त्रीचे निम्मे आयुष्य सरलेले असे.

६/ वर्ष महत्त्वाचे आहे. १८९६ मध्येच कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुण्यातील विरोध आणि प्लेग यांमुळे १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. सुरुवातीची वास्तू म्हणजे एक झोपडी. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि दिवसाचे काम आटोपून पायी हिंगणे गाठत. संस्थेची खरी अडचण पैशाची होती. शिकवणारे मिळत, पण देणारे मिळवावे लागत.

७/ पार्वतीबाई शिकल्या आणि आश्रमाच्याच कार्यकर्त्या झाल्या. येथून त्यांचे दुसरे शिक्षण सुरू होते. त्याला पाठ्यपुस्तक नव्हते. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या स्वभावांच्या आणि दुःखांच्या मुली एका छपराखाली आलेल्या. त्यांच्यातले रुसवे, आजारपण, घरच्यांची आठवण, शिवाशिवीच्या सवयी, कोठीतील धान्याचा हिशेब, हे सारे सांभाळायचे. आज 'मनुष्यबळ व्यवस्थापन' या भारदस्त नावाखाली जे शिकवले जाते, ते त्या रोजच्या व्यवहारातून शिकल्या.

८/ त्यानंतरचा टप्पा अधिक अवघड. आश्रमासाठी निधी गोळा करण्याकरिता त्यांनी गावोगावी फिरण्यास, घरोघर जाण्यास आणि सभांत बोलण्यास सुरुवात केली. जिला पुरुषांसमोर मान वर करण्याची मुभा नव्हती, ती आता त्यांच्यापुढे उभी राहून वर्गणी मागत होती. मागण्यासाठी नम्रता लागते आणि नकार पचवण्यासाठी स्वाभिमान. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणे, हे त्या कामाचे मर्म होते.

९/ येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. आश्रमाने विधवांच्या शिक्षणावर भर दिला आणि पुनर्विवाहाच्या प्रचारापासून संस्था वेगळी ठेवली. स्वतः पार्वतीबाई कितीतरी वर्षे केशवपन केलेल्या, पारंपरिक वेषातील विधवाच राहिल्या. माझ्या वाचनाप्रमाणे सनातनी घराचा उंबरठा ओलांडताना हा वेष त्यांच्या उपयोगी पडला असावा. ऐकणाऱ्याला त्या परक्या वाटत नसत. श्रोता कोण आहे, त्याला कितपत पचेल, हे ओळखणे म्हणजेच संवादकौशल्य.

१०/ पण या कौशल्याची किंमतही होती. जी रूढी अन्यायाची आहे, तिचीच खूण डोक्यावर वागवून स्त्रियांच्या हिताचे बोलायचे! १९१२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन थांबवले. ज्या समाजाकडे वर्गणीसाठी पुन्हा जायचे होते, त्याच्यासमोर हे पाऊल टाकले. लोकांना सांभाळून घेणे आणि लोकांना शरण जाणे यांतली सीमारेषा त्यांनी स्वतः आखली. या तपशिलापाशी मी दर वेळी थांबते.

११/ त्याच काळातील रमाबाई रानडे यांची वाट निराळी. अकराव्या वर्षी न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर पतीनेच त्यांना शिकवले. नाशिकच्या शाळेतील त्यांचे पहिले जाहीर भाषणही न्यायमूर्तींनी लिहून दिलेले होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. दुसऱ्याने लिहिलेले भाषण वाचून दाखवणारी ही मुलगी १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेची अध्यक्षा झाली. वक्तृत्व अंगभूतच असावे लागते, या समजाला हे उत्तर पुरेसे आहे.

१२/ स्वतःला मिळाले ते इतरांना मिळावे, म्हणून रमाबाईंनी गो. कृ. देवधर यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले. शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे वर्ग होते; शिक्षिका आणि परिचारिका तयार होत होत्या. परिचारिकेला औषधांची नावे पाठ असून भागत नाही. परक्या माणसाला धीर देणे, जातीचा विचार बाजूला ठेवून त्याला स्पर्श करणे, डॉक्टरांशी नेमके बोलणे, हेही तिला यावे लागते. प्रौढ स्त्रीने उपजीविकेसाठी शिकायच्या गोष्टींत ही माणुसकीची कौशल्ये तेव्हाच आलेली दिसतात.

१३/ पुन्हा पार्वतीबाईंकडे. त्यांना एक उणीव सतत बोचत होती, ती इंग्रजीची. वाढत्या वयात त्यांनी ती भाषा शिकण्याचे प्रयत्न केले, पण आश्रमाची कामे आड येत. अखेर १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. हेतू तीन: इंग्रजी शिकणे, तेथील स्त्रियांच्या संस्था पाहणे आणि आश्रमासाठी मदत मिळवणे.

१४/ हाती पैसा तुटपुंजा, भाषा अर्धवट आणि आहार पूर्ण शाकाहारी. त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून गुजराण केली. हिंगण्यात ज्यांच्या शब्दाला मान होता, त्या बाई परक्या देशात मोलकरीण म्हणून राबल्या आणि त्या घरांतूनच भाषा शिकल्या. आपण अडाणी ठरू, या भीतीपोटी प्रौढ माणूस शिकायचे टाळतो. त्यांनी ती भीती ओलांडली. १९२० मध्ये त्या परतल्या. पुढे १९२८ मध्ये त्यांची 'माझी कहाणी' प्रसिद्ध झाली आणि १९३० मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवादही आला.

१५/ एक सावधगिरी. ही कथा 'इच्छा असेल तर काहीही शक्य' अशी वाचू नये. पार्वतीबाईंच्या पाठीशी बहिणीचे घर होते, कर्व्यांची संस्था होती आणि आपले कुणाला तरी काम आहे ही जाणीव होती. रमाबाईंच्या मागे रानडे होते. त्याच काळात ज्यांना असे घर मिळाले नाही, ज्यांच्या जातीला संस्थेचे दारच उघडे नव्हते, अशा असंख्य स्त्रियांची आत्मचरित्रे लिहिलीच गेली नाहीत. जिद्दीला जागा मिळावी लागते. म्हणूनच शारदा सदन, हिंगणे आणि सेवासदन यांचा इतिहास व्यक्तींच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे.

१६/ पदव्युत्तर वर्गातील पहिल्या चर्चासत्रात माझा आवाज तिसऱ्या वाक्याला बसला होता. कागद हातात असूनही पुढचे शब्द दिसेनात. त्यानंतर महिनाभर मी वर्गात गप्प होते. त्याच सुमारास 'माझी कहाणी' हाती आली. धैर्य एकदम आले नाही. एवढेच उमगले की बोलणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, आणि शिकताना चुकावे लागते.

१७/ मैत्रिणीला दिलेले उत्तर म्हणून असे: सव्विसाव्या वर्षी मुळाक्षरे, बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या देहावरचा हक्क, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परकी भाषा. पंचविशी म्हणजे उशीर नव्हे.

तुमच्या घरात उशिरा शिकलेली एखादी आजी, आत्या किंवा मावशी असेल, तर तिची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासाला ती लागेल. धागा समाप्त.