वेगन्यूनक, पट्टाचलित (हौशी विमानांतील)

मोटारीचे इंजिन आणि विमानाचा प्रोपेलर यांच्यामध्ये बसवलेली, दातेरी पट्ट्याने चालणारी आणि प्रोपेलरचे फेरे इंजिनाच्या फेऱ्यांहून कमी करणारी यंत्रणा. स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे हौशी लोक, मुख्यतः अमेरिकेतले, ती वापरतात. प्रमाणित विमान-इंजिन ज्यांच्या खिशाला परवडत नाही, त्यांना सुबारू, सुझुकी, होंडा यांची इंजिने तिच्यामुळे उपयोगी पडली. सुझुकीच्या ज्या जी मालिकेतली इंजिने अशा विमानांत बसली, त्याच मालिकेतले १.३ लिटरचे इंजिन भारतात मारुती एस्टीममध्ये होते.

मोटारीचे इंजिन पुरेशी शक्ती देते ते मिनिटाला साधारण ५,००० फेऱ्यांच्या आसपास. प्रोपेलरला हा वेग सोसत नाही. १.८ मीटर व्यासाच्या प्रोपेलरची टोके २,७०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २५५ मीटर वेगाने जातात. ५,४०० फेऱ्यांना हाच वेग ५०९ मीटर होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. टोके त्याच्या जवळ पोचली की आवाज प्रचंड वाढतो आणि ओढ घटते. प्रोपेलर आखूड करून फोक्सवॅगन बीटलचे इंजिन थेट जोडता येते, आणि तसे पुष्कळांनी केले आहे. पण हळू उडणाऱ्या, हवेचा रोध जास्त असलेल्या विमानाला मोठा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलरच हवा. बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२९ साली फोर्ड मॉडेल एचे इंजिन थेट जोडून विमान उडवले, कारण ते इंजिन आपली ४० अश्वशक्ती २,२०० फेऱ्यांनाच देत असे. फेरे कमी करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात एकाच इंजिनावरून दोन प्रोपेलर साखळ्यांनी फिरत, तेही इंजिनाच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने.

रचना वरवर सोपी आहे. क्रँकशाफ्टच्या रेषेत लहान पुली, तिच्या वर मोठी पुली, मोठीच्या दांड्यावर प्रोपेलर. पट्टा टायमिंग बेल्टच्याच जातीचा, पण बराच रुंद. आत अरॅमिडसारखे चिवट तंतू. तेल लागत नाही, गिअरपेटीची घरघर नाही, आणि झाकण काढले की सगळे डोळ्यांसमोर. प्रोपेलरचा अक्ष वर गेल्याने पाती जमिनीपासून दूर राहतात. गिअरच्या एका जोडीने फिरण्याची दिशा उलटते, पट्ट्याने ती तीच राहते. त्यामुळे बहुतेक मोटार-इंजिने फ्लायव्हीलची बाजू पुढे करून बसवली, तर नेहमीचा उजव्या फिरतीचा प्रोपेलर चालतो.

पट्टा ‘सगळे धक्के गिळतो’ ही समजूत हौशी मंडळींत फार पसरलेली आहे आणि ती घातक आहे. चार-स्ट्रोक, चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे दांड्याला पीळ एकसारखा न मिळता ठोक्याठोक्याने मिळतो. एका टोकाला क्रँकशाफ्ट, दुसऱ्या टोकाला जड प्रोपेलर, मध्ये स्प्रिंगप्रमाणे वागणारा पट्टा: या जोडणीला स्वतःची कंपनसंख्या असते. ठोक्यांची लय तिच्याशी जुळली की अनुस्पंदन होते आणि पिळाची कंपने वाढत जातात. मग पट्ट्याचे दात छाटले जातात, बोल्ट सैल होतात, दांडाही तुटू शकतो. पट्टा ऊर्जा शोषतो ती थोडीच. खरा उपाय आधी गणित करणे हाच: पुरेसे जड फ्लायव्हील ठेवून ही कंपनसंख्या आयडलच्या ठोक्यांखाली न्यायची, म्हणजे इंजिन तिच्यातून फक्त सुरू होताना व थांबताना, क्षणभरच जाते. हलका लाकडी प्रोपेलर मदत करतो, पण तो गणिताची जागा घेत नाही.

दुसरा प्रश्न आडव्या ओढीचा. १०० अश्वशक्ती ५,००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर व्यासाच्या पुलीवरून द्यायची, तर सरासरी ओढच सुमारे २९० किलोग्रॅम भरते. पट्ट्याचा मूळ ताण आणि ठोक्यांचे शिखर वेगळे. मोटारीच्या क्रँकशाफ्टचे शेवटचे बेअरिंग अशा लटकत्या भारासाठी घडवलेले नसते. म्हणून चांगल्या रचनेत लहान पुलीला दोन्ही बाजूंनी स्वतःची बेअरिंगे देतात आणि इंजिनाकडून फक्त पीळ घेतात. वळताना प्रोपेलर घूर्णदर्शीसारखा दांड्याला वाकवू पाहतो, तो भारही वरच्या बेअरिंगांनी पेलायचा असतो.

ताण थंड असतानाच जुळवतात. ॲल्युमिनियमचा सांगाडा तापून प्रसरण पावतो, अरॅमिड जवळजवळ मुळीच वाढत नाही. त्यामुळे गरम झाल्यावर पट्टा अधिक ताठतो. सैल पट्टा दात ओलांडतो, फाजील ताणलेला बेअरिंगे खातो. पुलीच्या कडेला काळी भुकटी साचलेली दिसली, किंवा दाताच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसली, तर उड्डाण थांबवून पट्टा बदलणे हाच शहाणपणा, कारण एकच पट्टा असलेल्या रचनेत तो तुटला की इंजिन चालू राहूनही ओढ शून्य होते.

पट्टा म्हणून तो विमानाला परका नाही. रॉबिन्सन आर-२२ या प्रमाणित हेलिकॉप्टरमध्ये इंजिनाची शक्ती व्ही-पट्ट्यांनीच पुढे जाते. जिम बीड यांच्या १९७१ साली उडालेल्या बीडी-५ या चिमुकल्या विमानात वैमानिकाच्या मागे बसवलेले इंजिन दातेरी पट्ट्याने शेपटीकडचा प्रोपेलर फिरवी. पुढे काहींनी त्यात होंडाचे मोटार-इंजिन घातले. अमेरिकेत इंजिन व प्रोपेलर यांची जोडी प्रमाणित नसेल, तर हौशी विमानाला चाचणी-उड्डाणांचे साधारणपणे ४० तास घालावे लागतात, प्रमाणित जोडीला २५. पट्टा, बोल्ट आणि बेअरिंगे वारंवार उघडून पाहायची ती याच तासांत.