कलते आसन आणि ‘अस्सल’ चामडे : एका गृहवस्तूच्या निवडीचा इतिहास

१

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ‘अस्सल’ हा शब्द नवा नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद कोणता व नक्कल कोणती, हा प्रश्न या विद्येच्या अग्रभागी राहिला आहे. दफ्तरात एखाद्या पत्राला अस्सल म्हणावे लागते ते त्याच्या नकला अस्तित्वात असतात म्हणून. जेथे नक्कल संभवत नाही तेथे या विशेषणाचे प्रयोजनच उरत नाही.

हाच शब्द आज एका अगदी निराळ्या ठिकाणी आढळतो. शहरातील फर्निचरच्या दुकानात मांडलेल्या, पाठ मागे कलणाऱ्या व पायाखालची फळी पुढे येणाऱ्या सोफ्यावर ‘अस्सल चामडे’ अशी चिठ्ठी लावलेली असते. घरासाठी असा सोफा निवडणारा गृहस्थ वस्तुतः दोन स्वतंत्र परंपरांच्या संगमावर उभा असतो. एक परंपरा कलत्या आसनाची, दुसरी कमावलेल्या कातड्याची. या दोन्ही परंपरांचा मागोवा घेतल्यास असे दिसते की, चिठ्ठीवरील ‘अस्सल’ हा शब्द जेवढे सांगतो त्याहून अधिक झाकून ठेवतो. आणि ते झाकलेले ओळखण्याची विद्या महाराष्ट्रात ज्यांच्यापाशी होती त्यांना समाजाने घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते.

२

मागे कलणाऱ्या आसनाचा उगम सुखासीनतेत शोधण्याचा मोह होतो. परंतु पुरावा आजाराकडे बोट दाखवतो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा संधिवाताने जर्जर झाला होता. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याच्यासाठी तयार झालेल्या खुर्चीचे चित्र त्याचा सेवक जेहान लेर्मित याने आपल्या आठवणींत जतन केले आहे. पाठ हवी तितकी मागे नेता यावी व पाय उचलून ठेवता यावेत अशी तिची रचना होती, आणि तिची सामग्री म्हणजे लाकूड, कातडे व साधे लोखंड. साम्राज्याचा धनी असलेल्या राजाला या सामान्य वस्तूंच्या खुर्चीनेच विसावा दिला. कातडे तेथे वैभवाचे चिन्ह म्हणून आलेले नाही. टिकाऊ व लवचिक, म्हणून ते कामाचे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लंडननजीकच्या हॅम हाऊस या वाड्यात पाठ कलती करता येणाऱ्या दोन ‘निद्राखुर्च्या’ आल्या. १६७९ च्या तेथील मालमत्तेच्या यादीत त्यांची नोंद आहे. येथे रुग्णाची सोय सरदाराच्या खासगी दालनात शिरली. यानंतरचा टप्पा मध्यमवर्गाचा. १८६६ च्या सुमारास विल्यम मॉरिस यांच्या पेढीने पाठ मागेपुढे करता येणारी जी खुर्ची बाजारात आणली, ती त्यांच्या नावाने जगप्रसिद्ध झाली. पण तिची मूळ कल्पना मॉरिस यांची नव्हती. ससेक्समधील हर्स्टमाँसू येथील एफ्रेम कोलमन या सुताराच्या दुकानी असलेली खुर्ची पेढीच्या व्यवस्थापकाने पाहिली, आणि फिलिप वेब यांनी तिला नवे रूप दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांनी त्याच जातीच्या खुर्च्या ओकच्या लाकडात, चामड्याच्या गाद्यांसह बनवल्या. खेड्यातील कारागिराचे नाव मागे पडून पेढीचे नाव पुढे येण्याचा हा प्रकार पुढे चामड्याच्या बाबतीतही आढळेल.

झिगफ्रीड गीडियन यांनी ‘मेकॅनायझेशन टेक्स कमांड’ (१९४८) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन पेटंट-फर्निचरचा विस्तृत विचार केला आहे. त्यांच्या मते त्या शतकात आसनाच्या दोन धारा होत्या : गिलावा चढवावा तशी गादी चढवून वस्तू भारदस्त करणारी गादीकाराची, आणि देहाच्या हालचालीला अनुसरून आसनच हलते करणारी यंत्रज्ञाची. न्हाव्याची, दंतवैद्याची व आगगाडीची खुर्ची ही दुसऱ्या धारेची अपत्ये होत. या दोन धारा एकत्र कशा आल्या, याचे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मन्रो गावी सापडते. १९२८ साली एडवर्ड नाबुश व एडविन शूमेकर या चुलतभावांनी अंगणात ठेवण्यासाठी लाकडी पट्ट्यांची कलती खुर्ची केली. केवळ उन्हाळ्यात खपणारा माल नको, गादी बसवल्यास तो बारमाही खपेल, असा सल्ला त्यांना एका खरेदीदाराने दिला. त्यातून ‘ला-झी-बॉय’ ही गादीची खुर्ची जन्मली. १९४० साली बफेलो येथील बार्कालो कंपनीने अँटन लॉरेन्झ या हंगेरीत जन्मलेल्या संशोधकाच्या पेटंटांवर अशाच खुर्च्या काढण्यास प्रारंभ केला. १९६१ साली ला-झी-बॉयने झुलणे व कलणे या दोन्ही क्रिया एकाच खुर्चीत आणल्या. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच यंत्रणा दोन-तीन जणांच्या सोफ्यात बसवण्यात आली. यंत्र गादीखाली दडले, आणि ग्राहकाच्या नजरेसमोर केवळ आवरण उरले.

३

ते आवरण कशाचे, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरतो. जनावराच्या कातडीचे केसांकडील अंग बारीक व घट्ट तंतूंचे असते. मांसाकडील अंग जाड व सैल तंतूंचे. कमावण्याची क्रिया या तंतूंना कुजण्यापासून वाचवते. हजारो वर्षे हे काम झाडांच्या साली, पाने व फळे यांतील तुरट द्रव्यांनी होत आले. जाड कातडी असल्यास त्यास अनेक महिने लागत.

एकोणिसाव्या शतकात दोन बदल घडले. पहिला रसायनाचा. १८५८ साली फ्रीड्रिख क्नाप यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावता येते असे दाखवले; १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी न्यूयॉर्क येथे, व १८९३ साली मार्टिन डेनिस यांनी, ही क्रिया व्यवहार्य करणारी पेटंटे घेतली. महिन्यांचे काम दिवसांवर आले, आणि चामडे मऊ निघू लागले. दुसरा बदल यंत्राचा. चार-पाच मिलिमीटर जाडीची कातडी सलग पात्याने आडवी चिरून तिचे दोन किंवा अधिक थर काढणे शक्य झाले. वरच्या थराला केसांच्या छिद्रांचा नैसर्गिक पृष्ठभाग असतो. खालच्या थरांना तो नसतो. म्हणून खालच्या थरावर रंगद्रव्याचा वा प्लॅस्टिकचा लेप देऊन त्यावर छिद्रांचा ठसा दाबतात. अशा रीतीने एकाच जनावराच्या अंगातून ‘मूळ’ व ‘उपमूळ’ अशी अनेक चामडी निघू लागली, आणि ती सर्वच शब्दार्थाने खरी होती.

याच सुमारास नक्कलही सिद्ध झाली. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेले ‘फॅब्रिकॉइड’ बनवणारी कंपनी १९१० साली ड्यू पाँ कंपनीने विकत घेतली. पुढील वर्षांतील तिच्या जाहिरातींचा युक्तिवाद चतुर होता. एका गाईला कातडी किती, असा प्रश्न विचारून, बाजारात चामडे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे आवरण लेप दिलेला खालचा थरच असतो, हे तिने ग्राहकाच्या निदर्शनास आणले. नकलेनेच अस्सलाची उलटतपासणी करावी, असा हा प्रसंग होय. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील हाइड येथे तयार होणाऱ्या ‘रेक्झीन’चे नाव तर भारतात सामान्यनामच होऊन बसले. नकलेचा बाजार वाढला तसे अस्सलाला आपले नाव छापून सांगणे भाग पडले. आज युरोपीय मानक १५९८७ प्रमाणे लेपाची जाडी ०.१५ मिलिमीटरहून अधिक असेल, तर त्या वस्तूला निव्वळ ‘चामडे’ म्हणता येत नाही. एका शब्दाची व्याख्या मिलिमीटरच्या अंशात करावी लागणे, हेच त्या शब्दाची पत किती खालावली होती याचे गमक आहे.

४

महाराष्ट्रात या घडामोडींचा अर्थ निराळा होता. येथे रेलून बसण्याची साधने म्हणजे लोड, तक्के व झोपाळा. लांब हातांवर पाय पसरता येणारी वेताची आरामखुर्ची इंग्रजी अमदानीत रूढ झाली. तिचा वेत हवेशीर असल्याने ती उष्ण व दमट हवेला मानवणारी होती. चामड्याचे आसन घरात नव्हते, याला हवामान हे एक कारण; परंतु ते एकमेव कारण नव्हे. मृगाजिन व व्याघ्रचर्म यांना देवघरात पवित्र स्थान होते. तेव्हा कातडे म्हणून कातडे निषिद्ध नव्हते. मेलेल्या गुराची कातडी सोलणाऱ्या, कमावणाऱ्या व शिवणाऱ्या हातांना निषिद्ध ठरवले होते.

त्या हातांपाशी मात्र पक्की विद्या होती. ढोर समाजातील कारागीर कातडी चुन्यात भिजवून केस काढीत, मग तिची पिशवी शिवून तीत बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे पाणी भरीत आणि ती टांगून ठेवीत. पाझरणारे पाणी पुन्हा पुन्हा आत ओतले जाई. कोणता भाग टाचेला, कोणता पट्ट्याला, कोणता मोटेला, हे बोटांनी चाचपून ठरे. ज्या कोल्हापुरी वहाणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या याच विद्येवर उभ्या आहेत. शेतकऱ्यालाही तिचा काही अंश अवगत असे. मोट फाटली तर पीक वाळे, म्हणून चामड्याची पारख हा त्याच्या संसाराचा प्रश्न होता. इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट गेली. तीबरोबर तो परिचयही गेला.

मुंबईत १८८७ च्या सुमारास धारावीला कातडी कमावण्याचे कारखाने सुरू झाले. त्यांत तमिळ मुसलमान व्यापारी-कारागिरांचा मोठा वाटा होता. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोम-पद्धतीचे प्रयोग केले, आणि १९४८ साली तेथेच केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. विद्या गावकुसाबाहेरून प्रयोगशाळेत गेली, तिला प्रतिष्ठा लाभली. परंतु मूळ विद्यावंतांना तिचा वाटा त्या प्रमाणात मिळाला, असे म्हणता येणार नाही. उलट १९२० नंतरच्या दशकात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकून देण्याचा निश्चय केला, तो स्वाभिमानाचा होता व आवश्यकही होता. धंद्याच्या कौशल्यासाठी अपमान सोसत राहावे, अशी अपेक्षा कोणालाही करता येत नाही. परिणाम मात्र असा झाला की, पांढरपेशा घरात चामड्याचा सोफा आला तेव्हा ते चामडे पारखणारे डोळे त्या घरात पूर्वीही नव्हते, आणि आसपासही उरले नव्हते. उरली ती चिठ्ठी.

५

या पार्श्वभूमीवर निवडीचा प्रश्न पाहिला असता त्याचे स्वरूप साधनचिकित्सेसारखे दिसते. पहिला प्रश्न, कोणता थर? कडेची वा शिलाईच्या आतील कड दिसत असल्यास तंतू व लेप वेगळे ओळखता येतात. वरच्या थराची छिद्रे अनियमित असतात, ठशाची छिद्रे एकाच क्रमाने पुनरावृत्त होतात. ओरखड्याचे वा डासाच्या दंशाचे डाग असलेले चामडे हे दोषयुक्त नव्हे, तो त्याच्या मूळस्थानाचा पुरावा असतो. दुसरा प्रश्न, कोठपर्यंत? अनेक सोफ्यांत देह टेकतो तेवढ्या भागालाच चामडे असते, पाठ व बाजू रेक्झीनच्या असतात. ही व्यवस्था खर्च वाचवणारी आहे व उघड सांगितल्यास तीत लबाडी नाही. तिसरा प्रश्न कलत्या सोफ्यापुरता विशेष. स्थिर आसनावर आवरण केवळ दबते. कलत्या आसनात ते पायफळीच्या व पाठीच्या सांध्याशी दररोज दुमडते. जाड लेपाचा खालचा थर तेथे आधी भेगाळतो. चामड्याचा चुरा डिंकाने सांधून केलेले आवरण तर तेथे पापुद्रे धरून सुटते. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेतील पाण्यामुळे क्षीण होतो. म्हणून कोकणपट्टीत ही बाब अधिक निकडीची.

तथापि अस्सलतेचा आग्रहही विवेकाने धरावा लागतो. लेप नसलेले, केवळ रंगवलेले वरच्या थराचे चामडे हवा खेळती ठेवते. परंतु तेल व घाम चटकन शोषते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. लहान मुलांच्या घरात पातळ लेपाचे चामडे अधिक शहाणपणाचे ठरेल. शिवाय क्रोमच्या सांडपाण्याचा भार नद्यांना सोसावा लागला. कानपूरच्या कारखान्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिलेला निर्णय या खर्चाची आठवण देतो. हा खर्च चिठ्ठीवर कधीच लिहिलेला नसतो.

अस्सल कागदाची परीक्षा करताना अभ्यासक केवळ मथळ्यावर विश्वास ठेवीत नाही. तो कागद, शाई, अक्षराचे वळण व शिक्का तपासतो, आणि कागद कोणाच्या दफ्तरातून आला हे विचारतो. चामड्यालाही हेच लागू पडते. फिलिप राजाच्या खुर्चीवरील कातड्यास कोणी अस्सल म्हटले नाही. ते कातडे होते, एवढे पुरेसे होते. त्यानंतर चारशे वर्षांत थर चिरले गेले, लेप चढले, नकला झाल्या आणि शब्द मोठा होत गेला. सोफा निवडणाऱ्याने त्या शब्दाच्या मागे जाऊन कड उलटून पाहणे, बोटाने चाचपणे व कमावणाऱ्याविषयी विचारणे, यात ज्या विद्येला घराने उंबरठ्यापलीकडे ठेवले होते तिची उशिरा घेतलेली दखल आहे.